दोष डिस्कचा नव्हे, पेटीतल्या मेमरीचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या स्टोरेज पेटीला (डिस्क जोडून फाइली साठवण्याच्या उपकरणाला) मोठी हार्ड डिस्क जोडली, ती फॉरमॅट झाली नाही आणि खापर मात्र डिस्कवर फुटले, हा प्रकार दुरुस्तीच्या कामात मी वारंवार पाहतो. म्हणून हे पत्र.

अलीकडेच एका वाचनालयाने व्याख्यानमालेची जुनी ध्वनिमुद्रणे ठेवण्यासाठी ४ टीबीची डिस्क घेतली. ६४ एमबी रॅमच्या (काम करताना वापरायच्या मेमरीच्या) पेटीला ती जोडून फॉरमॅटचे बटण दाबले की पडद्यावर ‘डिस्क एरर’ एवढेच येई. दुकानदाराने डिस्क बदलून दिली. दुसरीचेही तेच झाले. मी टेलनेटने (दुसऱ्या संगणकावरून कमांड देण्याच्या सोयीने) पेटीत शिरून हाताने कमांड दिली तेव्हा खरा संदेश दिसला : ‘मेमरी ॲलोकेशन फेल्ड’, म्हणजे हवी तेवढी मेमरी मिळाली नाही. दोन्ही डिस्क निर्दोष होत्या.

लिनक्समधली ईएक्सटी प्रकारची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) डिस्कचे सहसा ४ केबीचे ब्लॉक पाडते आणि कोणता भरलेला, कोणता रिकामा याची नोंद प्रत्येकी एका बिटात ठेवते. ४ टीबीत असे सुमारे ९८ कोटी ब्लॉक होतात, म्हणजे नुसत्या या नोंदीलाच १२२ एमबी लागतात. एमकेई२एफएस या फॉरमॅट करणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या ती सगळी एकदम रॅममध्ये मांडतात. १.४२ मालिकेत ही मांडणी आटोपशीर झाली आहे, पण अशा पेट्यांतले सॉफ्टवेअर कोण बदलतो?

आम्ही त्याच डिस्कच्या सुरुवातीला १ जीबीचे स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडल्यास तिच्याऐवजी वापरायचा डिस्कचा भाग) केले, ते आधी चालू केले आणि मग उरलेला भाग फॉरमॅट केला. काम सावकाश झाले, पण झाले. ध्वनिमुद्रणाच्या फाइली मोठ्या असल्याने ‘लार्जफाइल४’ हा फॉरमॅटचा पर्याय निवडला. त्यामुळे एरवी सुमारे २४ कोटी होणारे आयनोड (प्रत्येक फाइलच्या माहितीसाठीच्या नोंदी) साडेनऊ लाखांवर आले आणि त्यांच्या तक्त्यांत जाणारे जवळपास ६२ जीबीही वाचले.

डिस्क घरच्या संगणकावर फॉरमॅट करून आणावी, असे काही जण सुचवतात. मात्र २०१६ पासूनच्या साधनांत चेकसमची (नोंदी बिघडल्या का हे पडताळणारी) सोय मुळातच चालू असते आणि पेटीतले जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) अशा डिस्कवर लिहू देत नाही; ती सोय आठवणीने बंद करावी लागते. शिवाय वीज अचानक गेल्यावर फाइल सिस्टीमची पूर्ण तपासणी करायची वेळ आली, तर त्या कामाला फॉरमॅटपेक्षाही जास्त मेमरी लागते आणि ते त्याच पेटीला करावे लागते. साठवलेला ऐवज खरा धोक्यात येतो तो तेव्हा.

म्हणून उत्पादकांना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘४ टीबीपर्यंत चालते’ असे खोक्यावर छापताना पेटीतली रॅमही छापावी, तेवढ्या आकाराच्या डिस्कवर फॉरमॅट आणि तपासणी दोन्ही करून पाहिल्याशिवाय तो आकडा देऊ नये, आणि मेमरी अपुरी पडल्यास पडद्यावर तसेच स्पष्ट लिहून यावे.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती कारागीर, सांगली