लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला देण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

चार्जिंग बंद पडलंय आणि बॅटरी ४० टक्क्यांवर आहे म्हणालीस, म्हणून आता कामांचा क्रम महत्त्वाचा. ब्राइटनेस कमी कर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघ. तू मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करतेस, त्यामुळे बहुधा असेलच. चालू असेल तर फाइली कॉपी करण्याआधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, मिळव. ती त्या अकाउंटच्या डिव्हाइसेसच्या यादीत असते, फोनवरूनही दिसते. सहा-सहा अंकांचे आठ गट, एकूण ४८ अंक. ते कागदावर उतरव, शेजारी की-आयडीही (ही कुठली की ते ओळखायचा क्रमांक) लिही. जुन्या लॅपटॉपची कीसुद्धा त्याच यादीत असू शकते. बॅटरी मध्येच संपली तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येईल, पण कीशिवाय ती उघडणार नाही.

मग बॅकअप. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून झालं की मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चार-पाच फाइली उघडून बघ.

कॉपी झाल्यावर डिलीट करत बसू नकोस. हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद पुसली जाते. मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, कुठला ब्लॉक कधी मिटवायचा हे आतला कंट्रोलर ठरवतो. म्हणून मार्ग दोनच: डिस्क स्वतःकडे ठेवायची, नाहीतर एन्क्रिप्टेड द्यायची.

चार्जिंगच्या बिघाडाला डिस्क लागत नाही, तेव्हा मी तरी काढूनच देईन. आधी कंपनीला ईमेल करून लेखी विचार: 'एसएसडी काढून दिली तर वॉरंटीला बाध येईल का?' नाही म्हणाले तर मशीन बंद कर, मागचं कव्हर उघड, बॅटरीचा कनेक्टर सोडव, मगच एसएसडीचा एकुलता एक स्क्रू काढ. ती एका बाजूने वर उचलली जाते, तिरकीच ओढून घे. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ज्या जागचे त्या क्रमानेच ठेव. काही मॉडेलांत स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा मार्ग नाही.

एन्क्रिप्टेड देणार असशील तर एक सल्ला मुळीच ऐकू नकोस: 'बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) सस्पेंड करून द्या.' सस्पेंड केल्यावर डिस्क उघडणारी किल्ली डिस्कवरच उघडी पडून राहते. मदरबोर्ड बदलला की त्यावरची टीपीएम चिप (एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी) बदलते आणि विंडोज रिकव्हरी की मागतं. हे अपेक्षितच आहे. सेंटरचा फोन आला तरी की सांगू नकोस. चार्जिंगची तपासणी बायोसमधून (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधून) किंवा त्यांच्या पेन ड्राइव्हवरून होते. लॅपटॉप परत आल्यावर की तूच टाक.

पासवर्डचंही तेच. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप १६ दुरुस्तीच्या दुकानांत दिले. ६ ठिकाणी ग्राहकाच्या फाइली चाळल्या गेल्या, २ ठिकाणी कॉपी झाल्या. बॅटरी बदलायलासुद्धा बहुतेक दुकानांनी पासवर्ड मागितला होता! आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. नाव तर जॉबशीटवरच लिहिलेलं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून आणि गुगल अकाउंटमधून हा लॅपटॉप फोनवरूनच लॉग-आउट कर.

जॉबशीटवर हे लिहून घे: 'एसएसडी नाही' किंवा तिचा सीरियल नंबर, 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. वॉरंटीत बदललेला पार्ट सहसा कंपनी ठेवून घेते. एसएसडीच बदलावी लागेल असं म्हणाले, तर जुनी परत मिळेल का हे होकार देण्याआधी विचार. काही कंपन्या त्यासाठी वेगळे पैसे घेतात.

माउसचा डोंगल आणि मेमरी कार्ड काढून घे. चार्जर मात्र सोबत दे. बिघाड त्याच्यातही असू शकतो.

तुझे,
बाबा