चंदगडच्या बाळाची नोंद कुठं झाली?

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी नात पाच महिन्यांची असताना एका रात्री कळवळून रडायला लागली. पाय पोटाशी घ्यायची, घामेजायची, मग एकदम गप्प. पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. आम्ही दृष्ट काढली, बेंबीला हिंग लावला. गावात आव म्हणून औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली आणि लंगोटात शी नव्हतीच, नुसती रक्ताळलेली चिकट आव. आमचं गाव चंदगड तालुक्यात. कोल्हापूर लांब, म्हणून बेळगाव गाठलं. सोनोग्राफीत दिसलं, शर्टाची बाही आत दुमडावी तसं आतडं आतड्यात शिरलेलं. लवकर आणलं असतं तर बहुधा हवेच्या दाबानंच सुटलं असतं. ऑपरेशन झालं, काळं पडलेलं आतडं कापावं लागलं. पोर वाचली.

साहेब, लसीकरणाचं कार्ड तेव्हा माझ्या पिशवीतच होतं. बाळांच्या जुलाबाविरुद्ध देतात ते रोटाव्हायरस लसीचे थेंब कधी दिले, हे कुणीच विचारलं नाही; क्वचित त्यांच्यामुळंही आतडं असं अडकतं. शेवटचा डोस होऊन दीड महिना झाला होता. लसीमुळं असं झालंच, तर ते बहुतेक डोसनंतरच्या पहिल्या एक-तीन आठवड्यांत होतं, हे पुढं एका बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. तोवर ‘थेंबामुळं झालं’ असं गावभर झालं होतं. शेजारच्या सुनेनं बाळाचा दुसरा डोस चुकवला.

तिची भीती मी खोटी कशी म्हणू? अमेरिकेत १९९८ साली आलेली रोटाशील ही रोटाव्हायरसचीच लस याच दुखण्यामुळं १९९९ मध्ये मागं घेतली गेली. धोका साधारण दहा हजार बाळांत एकाला. तोही कळला, कारण अशी बाळं कुणीतरी कळवली. रोटाव्हॅक या आपल्या भारतीय लसीसाठी देशातल्या २७ रुग्णालयांत अशीच बाळं मोजली, आणि २०२० साली निष्कर्ष आला की धोका वाढलेला दिसत नाही.

जिल्ह्यात लसीच्या दुष्परिणामांची समिती असते. आमचा कागद तिथवर गेलाच नाही. आजरा-चंदगडची माणसं बेळगावला का धावतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मागणी एवढीच: वर्षाखालच्या अशा प्रत्येक बाळाची, उपचार सरकारीत होवोत, खासगीत वा बेळगावात, डोसच्या तारखांसह नोंद व्हावी, आणि चौकशीचं उत्तर लेखी घरापर्यंत यावं. आशाताईंना ही लक्षणं शिकवा. आम्ही एक अख्खा दिवस गमावला.

शेजारचं बाळ अजून वर्षाचं व्हायचं आहे, राहिलेले डोस घेता येतील. आपलं उत्तर आलं, तर तो कागद घेऊन मी स्वतः त्या सुनेच्या दारात जाईन.

आपला,
चंदगड तालुक्यातला एक आजोबा