धूर काकूच्या चुलीचा, पण आत ओढून राहिलो आपण

प्रिय आई-बाबा,

सा. न. फोनवर हे धुराचं नीट सांगणं होत नाही, बाबा मध्येच तापतात आणि आई विषय बदलते, म्हणून लिहूनच पाठवते. दोघं मिळून वाचा, आणि बाबा, पूर्ण वाचून होईस्तोवर भिंतीपलीकडच्या काकांच्या दारात जाऊ नका, महानगरपालिकेत अर्ज द्यायचा विचार तर आत्ताच सोडा.

आधी आईच्या डोक्याचं, कारण माझा जीव तिथेच अडकून आहे. आई, तू म्हणते सकाळचा स्वयंपाक चालू असतानाच डोकं जड होते, मळमळते, आणि टेकडी गणपतीला जाऊन आलं की आपोआप उतरते. देवाची कृपा आहेच, पण घराबाहेर पडलं की बरं वाटणं ही खूण मला भीती वाटणारी आहे. लाकूड-कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, धुराचा वास कमी झाला म्हणजे तोही गेला असं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. बाबांनी कोरोनातलं ऑक्सिमीटर लावून ९८ दाखवलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले, पण बाबा, ते बोटाचं यंत्र रक्ताचा रंग बघते, आणि हा गॅस चिकटलेलं रक्त त्याला चांगल्या रक्तासारखंच लाल दिसते, म्हणून ह्या बाबतीत त्याच्यावर अजिबात विसंबू नका. डॉक्टरांना पहिले हेच सांगा की घरात धूर येतो, त्याची रक्ताची वेगळी टेस्ट असते आणि त्रास होत असतानाच लगेच केलेली बरी, मोकळ्या हवेत चार-पाच तास गेले की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येते आणि मग रिपोर्टमध्ये ते सुटू शकते. आईला बीपी पण आहे, त्यामुळे डोकं त्याच्यानंही दुखत असेल, पण हे आधी तपासायचं.

आता धूर. बाबांचं म्हणणं आहे की काकूनी लांब रोट्यांच्या ऑर्डरी वाढवल्या म्हणून त्रास वाढला आणि ते लोक मुद्दाम करून राहिले. बाबा, काकू ह्या घरात आल्या तेव्हापासून ती चूल तिथेच आहे. मटक्यावर रोटी करायची तर काकूला लाकडाचीच आंच लागते, गॅसवर त्यांना ते जमत नाही, आणि लग्नसराईत पहाटेपासून चूल पेटणारच, त्यांचं घर त्याच्यावर चालते. मग आत्ताच काय बदललं? बदललं आपल्याकडे. दादानं मागच्या वर्षी किचनची चिमणी बसवून दिली, त्रास त्यानंतरच्या थंडीतच सुरू झाला, आठवून पाहा.

त्या चिमणीच्या खोक्यावर ताशी १२०० घनमीटर असं लिहून आहे. आपलं स्वयंपाकघर १० बाय १० चं, उंची १० फूट धरली तर सगळी मिळून २८ घनमीटरच्या आसपास हवा. प्रत्यक्षात ती खोक्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं जरी खेचत असेल तरी खोलीतली सगळी हवा तासाला वीस वेळा बाहेर फेकली जाते, आणि जेवढी बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच. थंडीत तुम्ही खिडक्या लावून घेता, दाराखाली पायपुसणं दाबता, मग घराला श्वास घ्यायला उरलं काय, तर न्हाणीतलं जुन्या बंबाचं धुराडं. गिझर आल्यापासून बंब माळ्यावर गेला, पण भिंतीतलं भोक तसंच उघडं आहे.

आणि हे धुराडं एकट्या आपलं नाही ना. आजोबांच्या वाटणीत घराचे दोन भाग झाले, दारं वेगळी झाली, मीटर वेगळे झाले, पण धुराडं सामाईक भिंतीतच राहिलं, बाहेरून एकच दिसते, आत मधोमध विटांचा पडदा आणि दोन बाजूंना दोन नळ्या, एक आपली एक काकूची. वर छतावर दोघींची तोंडं अगदी शेजारी आणि एकाच उंचीला. काकूची नळी गरम, तिच्यातून धूर वर येतो. आपली नळी थंडगार, थंड हवा जड असते, ती स्वतःच खाली उतरायला बघते, त्यात आपली किचनची चिमणी घरातून ओढ लावते. म्हणजे काकूच्या नळीच्या तोंडातून बाहेर पडलेला धूर शेजारच्या आपल्या नळीच्या तोंडातून सरळ आपल्या न्हाणीत. वारा नसला तर अजूनच, आपल्याकडे थंडीत पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि वरची त्यापेक्षा गरम असते, मग धूर वर जातच नाही, आपल्या महाल भागातल्या गल्ल्यांत सकाळी कसा लोंबकळत असतो तुम्ही रोजच बघता. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता, तशा सकाळी तर विचारूच नका.

बाबांनी विचारलं होतं की असं आहे तर उन्हाळ्यात त्रास का नाही. उन्हाळ्यात कूलर असतो बाबा! कूलर बाहेरची हवा घरात ढकलते, घर भरलेलं राहते, त्यामुळे त्याच भोकातून हवा उलटी बाहेर जाते. पावसाळ्यात खिडक्या उघड्या. अडचण फक्त थंडीत.

हे मी नुसतं डोक्यानं नाही सांगून राहिली. दिवाळीत आली होती तेव्हा न्हाणीच्या भोकासमोर उदबत्ती धरून पाहिली. चिमणी बंद असताना धूर सरळ वर, आईला चिमणी फुल करायला सांगितली तर तोच धूर भोकापासून दूर, आत खोलीकडे वाकला. मग स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडली आणि वाकणं जवळजवळ थांबलं. तुम्हीही करून बघा, बाबांनी स्वतः बघितल्याशिवाय पटणार नाही हे मला माहीत आहे.

तर आजपासून करायचं ते एवढंच की चिमणी लावली की आधी खिडकी उघडायची, थंडी वाजली तर स्वेटर घाल आई, पण खिडकी बंद नको. काकूची चूल चालू आहे तोवर चिमणी कमी स्पीडवर. भोकात कपड्याचा बोळा कोंबू नका, त्याच्यानं गॅस अडत नाही.

पक्कं काम मिस्त्रीचं आहे. आपली नळी आता लागत नाही, ती खालून विटा लावून प्लास्टरनं बंद करायची आणि वरून शहाबादीचा तुकडा बसवायचा. पूर्ण हवाबंद केली तर पावसाळ्यात आत ओल धरते आणि भिंतीला पोपडे येतात, म्हणून वर छताच्या बाहेरच्या अंगाला, काकूच्या नळीच्या तोंडाच्या उलट बाजूला, लहान जाळी ठेवायला सांगा. काकूच्या नळीवर लोखंडी पाइप चढवून तोंड उंच करायचं. ह्याचा एक सोपा हिशोब आहे, धुराड्याचं तोंड छतापासून निदान ३ फूट वर हवं आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. काकांनी पाण्याची टाकी अगदी धुराड्याला खेटून ठेवली आहे, वारा तिच्यावर आपटून खाली वळतो, त्यामुळे पाइप टाकीच्याही वर गेला पाहिजे. ह्याच्यानं काकूचाही फायदा आहे, उंची वाढली की ओढ वाढते, त्यांच्या डोळ्यांचं पाणी कमी होईल. वरून पावसाची टोपी पाहिजे, पण तोंड दाबणारी नको. कबुतराचं घरटं आहे का तेही बघून घ्या.

एक शंका अजून राहते, मधला विटांचा पडदा. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं चुन्याचे सांधे मोकळे झाले असतील तर धूर आतल्या आतच इकडे येईल आणि वर कितीही पाइप लावला तरी उपयोग नाही. म्हणून आपली नळी बुजवायच्या आधी हे बघायचं. काकूच्या चुलीत थोड्या निखाऱ्यावर लोबान टाकायचा, वर कोणीतरी त्यांच्या नळीच्या तोंडावर ओलं पोतं मिनिटभर दाबून धरायचं, दोन्ही घरच्या खिडक्या उघड्या, आई आणि काकू अंगणात, आणि आपल्या न्हाणीत वास येतो का बघायचं. वर-खाली दोघांनी फोनवर बोलत करायचं, आणि लगेच पोतं काढायचं. वास आला तर बाहेरून सिमेंट फासून भागत नाही, काकूच्या नळीत वरपासून खालपर्यंत स्टीलचा पाइप सोडावा लागेल. खर्च होईल, पण तो अर्धा आपण द्यायचा, मी पाठवते, ते बोलूच नका. आणि छतावर जुना सिमेंटच्या पत्र्यासारखा करडा पाइप पडून आहे ना, तो मिस्त्रीला ग्राइंडरनं कापू देऊ नका, जुन्या अशा पाइपात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही.

काकूला एक सांगायचं आहे पण ते आईनंच सांगावं, बाबांनी नाही. त्यांची बाभळीची लाकडं अंगणात दवात भिजतात, ओलं लाकूड धुमसते आणि नळीत काजळीचा थर बसवते, तोच थर कधी पेटतो. टिनाखाली रचून ठेवली आणि सीझनच्या आधी नळी साफ करून घेतली तर धूर बराच कमी वाटेल. आई, तुझं आणि काकूचं बोलणं चालू आहे हे मला माहीत आहे, मागच्या दारातून वाटी-वाटी भाजी जाते, त्यामुळे तूच विषय काढ.

बाबा, काका तुमच्यापेक्षा लहान आहेत, तुम्ही बोलवलं तर येतील. त्यांना छतावर न्या, दोन्ही तोंडं दाखवा, बस.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुरिअरनं पाठवला आहे, बॅटरी आतच आहे. स्वयंपाकघर आणि तुमच्या खोलीच्या मधल्या पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीला लावा, चुलीच्या किंवा न्हाणीच्या अगदी जवळ नको. तो वाजला तर कुठून वाजला हे शोधत बसू नका, आईला घेऊन पहिले अंगणात या, काकूंना हाक मारा, आणि मग मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुमची,
छोटी