चहाच्या पाल्यालाही प्लॉट नंबर हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी द्राक्ष बागायतदार आहे, तरी हे पत्र चहाच्या शेतीबद्दल आहे. देशातला निम्म्याहून अधिक चहा आज आसाम, उत्तर बंगाल, निलगिरी अशा भागांतल्या छोट्या उत्पादकांच्या शेतांतून येतो. त्यांतल्या बहुतेकांकडे स्वतःचा कारखाना नाही. खुडलेला पाला एजंटच्या गाडीत पडतो, अनेक शेतांचा पाला एकत्र होतो आणि कारखान्याला विकला जातो. तपासणीत बंदी असलेले औषध सापडले, तर ते कोणाच्या शेतात मारले होते हे शोधायचे कसे? काळजीपूर्वक शेती करणाऱ्याचा पालाही मग त्याच्याबरोबर नाकारला जातो.

चहात ही अडचण द्राक्षापेक्षा बिकट आहे. आम्ही शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस सोडू शकतो. चहाचा खुडा मात्र भर हंगामात साधारण दर आठवड्याला. काजूवरचा ढेकण्या कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याच जातकुळीतला कीडा चहाच्या कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतो. फवारणी करावी, तर प्रतीक्षा काळ संपण्याआधीच पाला तोडणीला येतो. थांबावे, तर तो जून होतो आणि भाव जातो. शिवाय हा पाला कुठेच धुतला जात नाही. कोमेजवून, रगडून, सुकवून तो सरळ पुड्यात भरतात.

रसायने कमी करण्याचे मार्ग आहेत. शिरीषासारखी सावलीची झाडे राखली की लाल कोळी ही कीड आटोक्यात राहते, छाटणीचा पालापाचोळा बागेतच पसरला की उतारावरची माती धरून राहते. सिक्कीम सरकारची टेमी बाग तर पूर्ण सेंद्रिय आहे. पण सेंद्रियकडे वळताना सुरुवातीला उत्पादन घटते. सरकारी बाग ती झळ सोसू शकते, दोन एकरवाला कशी सोसणार?

2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा बागायतदारांचे किती पैसे बुडाले ते नाशिक जिल्ह्याने पाहिले आहे. आज निर्यातीच्या पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोचता येते. ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी होते, काढणीआधी नमुना तपासला जातो. ही शिस्त आम्हाला जड गेली, पण तिनेच बाजार टिकवला.

चहा मंडळाने छोट्या उत्पादकांसाठी अशीच व्यवस्था उभारावी. प्रत्येक शेताची नोंद आणि एजंटच्या गाडीत वेगळी पोती हवीत. तपासणीचा खर्च उत्पादकाच्या माथी मारू नये. आणि स्वच्छ पाल्याला किलोमागे जास्त भाव बांधून द्यावा. तो मिळत नाही तोवर फवारा खाली ठेवा असे त्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)