चौकटीत नातू बसेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीतला स्वमग्नतेवरचा, म्हणजे ऑटिझमवरचा लेख वाचला. २ एप्रिल, म्हणजे स्वमग्नतेचा जागतिक दिवस, जवळ आला की असे लेख येतात, येऊ देत, वर्षातून एकदा तरी आठवण होते. लस टोचल्यामुळे ऑटिझम होतो हा खुळा समज लेखिकेने खोडून काढला, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखाखाली ती रंगीत चौकट कुणाच्या डोक्यातून आली? ‘ओळखा आपल्या मुलाचा प्रकार’! एक ते पाच नंबर, प्रत्येकापुढे कंसात ‘सौम्य’ नाहीतर ‘गंभीर’. राशिभविष्य वरच्याच पानावर होतं, त्याचीच लागण झाली असावी.

सकाळी साडेनऊला विट्याहून आमच्या साडूंचा फोन. “पेपर बघितला का? आपला तिसऱ्या नंबरात बसतोय. सौम्यच आहे हो, काळजी सोडा!” माणूस प्रेमाने बोलतो, त्याला काय बोलणार? नातू नऊ वर्षांचा आहे आणि गेली सहा वर्षं आम्ही या विषयात आहोत. साडूंना ते पाच मिनिटांत समजलं.

तर त्या चौकटीबद्दल. तीत दिलेली अस्पर्गर, पीडीडी-एनओएस वगैरे ऑटिझमच्या प्रकारांची वेगवेगळी खाती २०१३ सालीच बंद झाली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात ती सगळी ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही तसंच आहे, ती २०२२ पासून लागू झाली. तुमचा पाचवा नंबर, रेट सिंड्रोम, तर त्यातून बाहेरच काढलाय. तो बहुतेक मुलींना होतो आणि त्याचं कारण एका जनुकातल्या दोषात सापडलंय. मी डॉक्टर नाही, मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रांचं सॉर्टिंग करण्यात माझी सगळी नोकरी झाली. कप्पे मलाही आवडतात. पण रद्द झालेल्या पिनकोडवर आम्ही टपाल पाठवत नव्हतो.

आता विचारतात ते एवढंच, की या मुलाला आधार किती लागतो. त्याच्या तीन पातळ्या. त्याही दोन बाबतींत वेगवेगळ्या बघतात : माणसांशी बोलणं-वागणं एकीकडे, आणि तेच ते धरून बसणं दुसरीकडे. वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी हे मला कागदावर दोन रेघा ओढून पाच मिनिटांत समजावलं होतं. तुमच्या चौकटीत मात्र ‘मूल बोलते का?’ या एका प्रश्नावर निकाल. बोलत असेल तर सौम्य.

आमचा बोलतो. तहान लागली की माझ्यापुढे येऊन उभा राहतो आणि म्हणतो, “तुला पाणी पाहिजे का?” आम्ही त्याला जे विचारतो तेच, तसंच, त्याच सुरात. घरातल्यांना कळतं. पाहुणे म्हणतात, “नको रे बाळा, आत्ताच प्यालो. किती गुणी आहे!” आणि पोरगं तसंच तहानलेलं उभं. शाळेत काय होत असेल याचा तुम्हीच विचार करा.

याच ‘सौम्य’ शब्दाने आम्हाला दोनदा मारलंय. पहिलीत घालताना शाळेत म्हणाले, सौम्य आहे ना, मग सोबत माणूस कशाला, बाकीची मुलं लाडावतील. मार्चमध्ये त्याच खुर्चीतून त्याच बाई म्हणाल्या, “आजोबा, याला इथे झेपणार नाही, तुम्ही दुसरीकडे बघा.” अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळी तीच कथा. त्या तपासणीत चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्या दिवशी नेमका डोक्यावर पंखा कुरकुरत फिरत होता. नातू वर बघत अर्धा तास शांत. तिथला एक कर्मचारी त्याच्याकडे बघून म्हणाला, “हा तर चांगला आहे की, कशाला दाखला पाहिजे?” पंखा बंद करून बघा म्हणावं असं फार वाटलं. सुनेने माझा हात दाबला, म्हणून गप्प बसलो. २०१६ च्या कायद्यात एकवीस अपंगत्वांमध्ये स्वमग्नतेचं नाव आहे, ते त्याला सांगायचं राहूनच गेलं.

आणि लेखाबरोबरचं चित्र! अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेला मुलगा. दरवर्षी हाच मुलगा, हाच कोपरा. आमच्याला अंधारात बसवलं तर तो उठून घरातले सगळे दिवे लावून येतो, महावितरणला विचारा.

चौकट चुकीची होती एवढं तरी पुढच्या अंकात दोन ओळींत छापावं, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये.)

ता. क. : ती चौकट जिथे छापली, त्या जागेवर दर रविवारी ‘ठिपके जोडा’ असतं. नातू सात वाजल्यापासून पेन्सिल टोकून दारात बसलेला. पान उलटलं, परत उलटलं, पुरवणी झटकून बघितली. साडूंचा फोन आला तेव्हा मी रद्दीतून गेल्या रविवारचं कोडं काढून त्याच्या रेघा खोडत होतो. कागद फाटला. दुपारपर्यंत तो माझ्यामागे फिरत विचारत होता, “तुला ठिपके पाहिजेत का?” येत्या रविवारी कोडं नेहमीच्या जागी येणार आहे की नाही, तेवढं आधी कळवलंत तर बरं होईल.