चि. सोनूस, गाडी घेण्याआधी

वडाळा, मुंबई
रविवार, रात्री अकरा

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर माझा आवाज चढला. "बाबा, इथल्या गाड्या वेगळ्या असतात," एवढंच तू म्हणालीस आणि मी नको ते बोलून बसलो. जावईबापू शेजारीच होते, त्यांना काय वाटलं असेल. आई दिवसभर माझ्याशी धड बोललेली नाही. पत्रात गाडीचं नाव काढायचं नाही, असं तिने बजावलंय. म्हणून आधी बाकीचं. नानांचं मोतीबिंदूचं नीट झालं, दुसरा डोळा दिवाळीनंतर. जिन्यातला दिवा सोसायटीने एकदाचा बसवला. पिंट्याचा पडलेल्या दाताचा फोटो आईने फ्रिजवर चिकटवलाय.

आता गाडीचं लिहितोच.

तुम्ही घेताय तो पिकअप ट्रक 11,000 पौंड ओढतो म्हणून ब्रोशरमध्ये छापलंय आणि त्यामागे जोडायचं तुमचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, 5,900 पौंडांचं, म्हणजे बक्कळ ताकद उरते, असा तुझा हिशेब. पण 5,900 हे रिकामं वजन, सोनू. दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो तिथेच वाढले. मग गॅस, बॅटरी, गाद्या, भांडी, पिंट्याची सायकल. घराच्या पाटीवर भरल्या वजनाची मर्यादा 7,600 पौंड आहे ना, तीच धर. साधारण 3,450 किलो. त्यातला 10 ते 15 टक्के भार हुकावर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. मी 13 धरले, 450 किलो झाले. सामान मागे सारून तो कमी करायला जाऊ नकोस, हुकावर हलका झालेला ट्रेलर वेगात डोलायला लागतो आणि ट्रकलाही डोलवतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर तू वाचून दाखवलास, 1,480 पौंड. म्हणजे ट्रकवर जास्तीत जास्त 670 किलो, ड्रायव्हरसकट सगळी माणसं आणि सामान मिळून. हुकावरचे 450, तुम्ही दोघं 140, पिंट्या 25, मोती 30, पुढच्या चाकांवर भार वाटणारी ती लोखंडी जोडणी 40. झाले 685. अजून हौदात एक पिशवी ठेवलेली नाही. जोडणीने भार वाटला जातो हे खरं, पण स्टिकरवरचा आकडा तिने वाढत नाही.

ओढण्याची मला काळजीच नाही गं. ओढेल तो. मला उताराची काळजी आहे.

हे पान आईला दाखवणार नाही. तू तीन महिन्यांची होतीस. चिंचवडहून कास्टिंग भरून येत होतो, मालकाने दोन टन जास्तीचे चढवले होते आणि मी गप्प बसलो, कारण तुझ्या बारशाचं देणं बाकी होतं. एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता. खंडाळा सोडून घाट उतरायला लागलो, वर पाऊस, आणि ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला. पेडल दाबलं तर पाय नुसता आत गेला. इंजिन तेच, गाडी तीच. चढताना त्याच इंजिनाचा मला गर्व होता. दुसऱ्या गिअरवर गाडी डोंगराच्या अंगाला घासत आणली, क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड टाकला. शिंग्रोबाच्या देवळापाशी हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून होतो. त्यानंतर तिथे नाणं टाकल्याशिवाय मी एकदाही पुढे गेलो नाही. तुलाही टाकायला लावायचो, आठवतं? सुट्टीत केबिनमध्ये उशीवर बसायचीस आणि दोन्ही मुठींत नाणी धरायचीस. क्लीनरला सांगायचीस, मोठी झाले की मीच चालवणार. आता खरंच चालवतेस, तेही अमेरिकेत. वजनकाट्यावरच्या सगळ्यांना मी सांगितलंय.

तुमचं डेन्व्हरच जवळपास आपल्या कळसूबाईच्या उंचीवर. तिथून पश्चिमेला गेलात की आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर, आणि पलीकडे 7 टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी रस्त्याकडेला खडीच्या वाटा केल्यात, व्हिडिओ तूच पाठवला होतास. अशा वाटा कुणी हौसेने बांधत नाही.

पुन्हा उतारावरच आलो. माफ कर. तू इंजिनिअर आहेस, हिशेब मी शिकवावा असं नाही.

एवढं कर. पाऊण टनाचा म्हणतात तो मोठ्या वर्गातला ट्रक बघ, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेकसकट, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग धरणारा ब्रेक. रिकामा धक्के देतो आणि महागही आहे, मला ठाऊक आहे. फरकाचे पैसे मी देतो, पोस्टातली ठेव मार्चमध्ये सुटतेय. नाही म्हणू नकोस लगेच. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर नीट जुळवून घे आणि घाटाआधी हाताने दाबून ट्रेलर धरतोय ना ते पाहा. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाक, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. सामान भरून एकदा काट्यावर चढव. आणि सौदा ठरण्याआधी त्याच गाडीच्या दाराचा स्टिकर बघ, शेजारच्या गाडीचा नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडा वेगळा निघतो, छताला काच आणि मोठी चाकं घेतली की कमी होतो.

फोटो काढून पाठव. रात्री आला तरी चालेल, मी जागाच असतो.

जूनमध्ये आम्ही आलो तर मागच्या सीटवर बसू. आई 58 किलो, मी 71. हिशेबात धर.

तुझे
बाबा