दिव्याच्या वॅटवर वायर ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद खोलीत दिव्यांच्या उजेडावर रोपे वाढवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. दिवा कोणता घ्यावा, किती उंचीवर टांगावा, किती तास चालू ठेवावा, हे सगळे त्यात नीट आले आहे. पण तो दिवा ज्याच्या जोरावर चालतो त्या बॅलास्टबद्दल (दिव्याचा करंट आवरणारा भाग) आणि तिथवर येणाऱ्या वायरबद्दल एकच वाक्य आहे : ‘जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी.’ मी तीस वर्षे वायरमनचे काम केले. त्या वाक्यात जे राहून गेले, त्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी अशाच एका खोलीत मला बोलावणे आले. ऑर्किडचे वेड असलेले, माझ्याच वयाचे गृहस्थ. ४०० वॅटचे चार सोडियम दिवे आणि दोन पंखे एकाच सर्किटवर. खोलीत अधूनमधून जळका वास येतो, कुठून ते कळत नाही, ही तक्रार. हिशोब त्यांनी वहीत मांडला होता : चार दिव्यांचे १६०० वॅट, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सात अँपिअर. मी पंखे बंद करून, दिवे पूर्ण तापल्यावर फेजच्या वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती धरून करंट मोजणारा मीटर, लावला. साडेसतरा अँपिअर! त्यांनी वही पुन्हा उघडली, माझ्या मीटरकडे पाहिले आणि मीटर बिघडला आहे का, असे विचारले.

मीटर ठीक होता. वहीतले गणितही चुकले नव्हते, फक्त ते साध्या बल्बचे गणित होते. सोडियम दिव्यात तार नसते. आतल्या वाफेतून वीज वाहते, आणि ती वाहू लागली की वाट आणखी मोकळी होत जाते. आवरणारे कोणी नसेल तर करंट वाढत जाऊन दिवा क्षणात निकामी होईल. ते आवरण्याचे काम बॅलास्ट करतो. जुन्या पद्धतीचा बॅलास्ट, ज्याला आम्ही चोक म्हणतो, म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची जड कॉइल. तो स्वतः तापतो, त्यामुळे ४०० वॅटचा दिवा चोकसकट ४४०च्या आसपास खातो. पण खरी गोम पुढेच आहे. कॉइलमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि कामाला न येणारा करंटही वायरमधून ये-जा करत राहतो. तो भागवायला चोकसोबत कपॅसिटर लागतो. या गृहस्थांच्या बॅलास्टच्या चारही डब्यांत चोक होता, दिवा पेटवणारा इग्निटर होता, कपॅसिटर मात्र एकातही नव्हता. योग्य मापाचे चार कपॅसिटर बसवल्यावर तोच मीटर साडेआठ दाखवू लागला. करंट निम्मा झाला की वायरमधली उष्णता चौथाईवर येते. दिव्यांचा उजेड होता तेवढाच राहिला.

आता वासाचे. दिवे लावल्यावर पहिली काही मिनिटे ते नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतात, त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेपलीकडे गेला की आपोआप बंद होणारा स्विच, वारंवार पडत असे. कोणी तरी त्यावर उपाय म्हणून ३२चा एमसीबी बसवून दिला होता. भिंतीतल्या पाइपात वायर दीड चौरस मिलिमीटरचीच. एमसीबी असतो तो वायरला वाचवण्यासाठी. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर आधी वायर जळते आणि एमसीबी चालूच राहतो. हे ज्याने केले त्याने तक्रार मिटवली आणि धोका भिंतीत ठेवून गेला. मला त्याचा आजही राग येतो.

मी मेन बंद केला आणि दिवे ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या टायमरच्या सॉकेटचे झाकण काढले. वास इथलाच होता. न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायरच्या बारीक तारा पिळून तशाच दाबल्या होत्या, त्यांना एकत्र धरणारे धातूचे टोक, म्हणजे लग, नाही. त्यातल्या निम्म्या स्क्रूबाहेर निसटलेल्या. उरलेल्या काळ्या आणि इतक्या ठिसूळ की बोट लावताच दोन तुटून हातात आल्या. वायरचे प्लास्टिक दोन इंच मागेपर्यंत तपकिरी होऊन आखडले होते आणि सॉकेटची मागची बाजू फुगली होती. ढिला जोड तापतो तेव्हा करंट वाढत नाही, म्हणून कितीही चांगला एमसीबी त्याला ओळखू शकत नाही. दिवसाला बारा-बारा, सोळा-सोळा तास जोड तापतो, निवतो, पुन्हा तापतो आणि प्रत्येक वेळी थोडा आणखी ढिला होतो. म्हणून अशा खोलीत सहा महिन्यांतून एकदा मेन बंद करून प्रत्येक स्क्रू आवळलाच पाहिजे. ती वायर मी अडीच चौरस मिलिमीटरची करून घेतली, एमसीबी पुन्हा १६चा बसवला आणि पंखे वेगळ्या सर्किटवर नेले. तासन्‌तास चालणारा लोड एमसीबीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे १६च्या सर्किटवर पावणेतेरा अँपिअरपर्यंत.

बॅलास्ट घेताना तो दिव्याच्या वॅटशी आणि जातीशी जुळलाच पाहिजे. सोडियमच्या चोकवर मेटल हॅलाइड दिवा, किंवा ४००च्या चोकवर २५०चा दिवा, पेटतो म्हणून चालवू नये. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट हलका असतो, गुणगुणत नाही, करंटही कमी ओढतो. मात्र व्होल्टेजचे झटके आणि उष्णता त्याला सोसत नाहीत, तेव्हा पुरवठ्यात चढउतार असतील तिथे मी अजूनही तांब्याचा चोक आणि चांगला कपॅसिटर सुचवतो. कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो, म्हणून मीटरने पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. इग्निटर दिवा पेटवताना काही हजार व्होल्टचा झटका देतो. त्यामुळे इग्निटर ते होल्डर ही वायर तेवढ्या व्होल्टेजची हवी, आणि कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा जास्त नको.

बॅलास्ट जमिनीवर ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला. रोपांच्या खोलीत पाणी सांडणार हे गृहीतच धरावे, आणि खत मिसळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहते. बॅलास्ट भिंतीवर, कमरेच्या वर, न जळणाऱ्या पाटीवर आणि चारही बाजूंनी हवा खेळेल असा लावावा. बोर्डाकडे येणारी प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, सॉकेटात जात नाही. दिव्याचे पत्र्याचे छत्र, लोखंडी रॅक, बॅलास्टचा डबा, सगळ्यांना अर्थिंग हवे. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच. माणसाला वाचवतो तो हा. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. इलेक्ट्रॉनिक बॅलास्टमधून थोडा करंट नेहमीच अर्थिंगकडे जातो. असे बरेच बॅलास्ट एका आरसीसीबीवर टाकले की ती बेरीज वाढून तो उगाच पडू लागतो, आणि मग लोक वैतागून तो काढूनच टाकतात. आरसीसीबी काढू नये, दिवे दोन आरसीसीबींवर विभागावेत.

छोट्या टायमरवर १६ अँपिअर छापलेले असते, ते हीटरसारख्या लोडसाठी. चोकचा लोड त्याचे कॉन्टॅक्ट चिकटवतो आणि दिवे रात्रभर जळत राहतात. टायमरने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा लोड चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच, चालवावा, दिवे कॉन्टॅक्टरवर घ्यावेत.

आता बरेच जण एलईडी घेतात, ते चांगलेच आहे. पण तिथेही बॅलास्टच्या जागी, करंट आवरणारा ड्रायव्हर असतो आणि त्याचा करंट दिव्याशी जुळावा लागतो. ड्रायव्हर चालू असताना दिव्याची पिन काढून पुन्हा लावली तर एलईडी जाऊ शकतो. ढिला जोड, पाणी आणि अर्थिंग यांचे नियम त्यालाही तेच.

त्या गृहस्थांचे ऑर्किड आजही त्याच दिव्यांखाली आहेत. जळका वास गेला. फुगलेले ते सॉकेट मी माझ्याकडे ठेवले आहे, शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला. आपण या विषयावर पुन्हा लेख छापणार असाल, तर फुलांच्या फोटोशेजारी त्या सॉकेटचाही फोटो छापावा, ही विनंती. मी तो पाठवून देतो.

आपला,
एक निवृत्त वायरमन